हक्कसोडपत्रावरची सही, सातबारावरचे नाव

मुंबई उपनगर जिल्ह्याचे अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत आणि घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात मोडतात, ही माहिती तेथील बहुतेक रहिवाशांना आयुष्यात कधी लागत नाही. तालुका, तहसीलदार, तलाठी हे शब्द त्यांच्या लेखी गावाकडचे. परंतु सातारा, रत्नागिरी, नाशिक किंवा जळगाव जिल्ह्यातील एखाद्या गावी वडिलांच्या नावावर शेतजमीन असली, की हे शब्द एके दिवशी उपनगरातल्या घरातही शिरतात. वडील वारतात, वर्षश्राद्ध उरकते, आणि मग गौरी-गणपती किंवा भाऊबीजेच्या सुमारास घाटकोपर वा बोरिवलीत नांदणाऱ्या लेकीला माहेरून निरोप येतो, की सहीसाठी एक दिवस काढून ये. सही ज्या कागदावर करायची त्याचे नाव हक्कसोडपत्र. भाऊ गाडीभाडे देतो, वहिनी साडीचोळी करते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठ्याचा ठसा व छायाचित्र घेतले जाते आणि अर्ध्या तासात काम संपते. या अर्ध्या तासात त्या स्त्रीने नेमके काय दिले, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

विकसनशील देशांतील ग्रामीण स्त्रियांच्या जमीनहक्काची चर्चा जगभर होते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली ठरविलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी पाचव्या उद्दिष्टात स्त्रियांना जमिनीची मालकी व तिच्यावरील नियंत्रण समान मिळावे, असे स्वतंत्र लक्ष्य आहे. भारताच्या २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिती खातेदारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १३.९६ टक्के आणि त्यांच्या वाट्याची जमीन एकूण क्षेत्राच्या ११.७२ टक्के होती. त्याआधीच्या, म्हणजे २०१०-११ च्या गणनेत खातेदार स्त्रियांचे प्रमाण १२.७९ टक्के होते. शेतातील निंदणी, खुरपणी, लावणी, कापणी यांत बायकांचा वाटा किती असतो, हे महाराष्ट्रात कोणाला सांगण्याची गरज नाही. तरीही पाच वर्षांत खातेदारांतील त्यांचे प्रमाण जेमतेम एका टक्क्याने वाढले. कायदा तर या काळात स्त्रीच्या बाजूने होता. मग हक्क अडतो कोठे? त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा तलाठ्याच्या दप्तरात अधिक सापडते. तरी कायद्याची वाटचाल आधी थोडक्यात पाहावी लागेल.

सव्वा एकरापासून चार एकरांपर्यंत

१९३७ सालचा हिंदू स्त्रियांच्या मालमत्ताविषयक हक्काचा कायदा मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नांतून झाला, म्हणून तो देशमुख कायदा या नावानेही ओळखला जाई. त्याने विधवेला पतीच्या मालमत्तेत हिस्सा दिला, पण तो तिच्या हयातीपुरता. शिवाय शेतजमीन हा प्रांतांच्या अखत्यारीतील विषय असल्याने हा कायदा शेतजमिनीला लागू होत नाही, असे फेडरल कोर्टाने १९४१ साली ठरविले. स्वातंत्र्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू संहिता विधेयकातून मुलीला वारसाहक्क देण्याचा आग्रह धरला. विधेयक रखडल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी, विधवा आणि आई यांना मुलाच्या बरोबरीने पहिल्या वर्गाच्या वारसांत बसविले आणि स्त्रीच्या ताब्यातील मालमत्ता ही तिची पूर्ण मालकीची ठरविली. उणीव एवढीच राहिली, की वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हिस्सा फक्त मुलग्यालाच मिळत राहिला.

ही उणीव केवढी होती ते एका साध्या हिशेबावरून कळते. वडिलोपार्जित १२ एकर जमीन आहे. घरात वडील, आई, एक मुलगा व एक मुलगी आहेत. वडील मृत्युपत्र न करता वारले. जुन्या नियमाने मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे मानून वडील, मुलगा आणि आई यांचे चार-चार एकरांचे तीन हिस्से पडत. अशा मानीव वाटणीत पत्नीलाही हिस्सा मोजला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई या मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या प्रकरणात स्पष्ट केले. त्यानंतर वडिलांचे चार एकर आई, मुलगा व मुलगी यांच्यात समान वाटले जात. म्हणजे मुलाला व आईला प्रत्येकी सुमारे ५ एकर १३ गुंठे आणि मुलीला १ एकर १३ गुंठे. मुलगी जन्मतः सहदायाद मानली, की मूळ हिस्से चार होतात, प्रत्येकी तीन एकरांचे. वडिलांच्या तीन एकरांतून तिघांना एकेक एकर मिळतो आणि शेवटी आई, मुलगा, मुलगी तिघांच्याही वाट्याला चार-चार एकर येतात. मुलीचा वाटा तिप्पट झाला.

हा बदल महाराष्ट्राने केंद्राच्या आधी केला, याचा विसर पडू नये. आंध्र प्रदेश व तामिळनाडू यांच्यापाठोपाठ १९९४ साली, राज्याचे पहिले महिला धोरण आले त्याच वर्षी, महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून मुलीला सहदायाद ठरविले. मात्र २२ जून १९९४ पूर्वी जिचे लग्न झाले, तिला हा हक्क नव्हता. एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या बहिणीत लग्नाच्या तारखेवरून असा भेद पडला. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद काढून टाकला. विवाहित असो वा अविवाहित, मुलगी जन्मापासून सहदायाद झाली. शिवाय कूळकायदा, जमीनधारणेची कमाल मर्यादा यांसारख्या शेतजमिनीच्या कायद्यांना वारसाच्या नियमातून वगळणारे कलमही रद्द झाले. या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पण १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर राज्यात ज्या कुळांच्या नावे जमिनी झाल्या ती नावे बहुतांशी पुरुषांचीच होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व समजते.

त्यानंतर पंधरा वर्षे न्यायालयांत एकच वाद चालला. २००५ साली वडील हयात नसतील तर मुलीला हक्क मिळतो की नाही? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ आणि २०१८ सालच्या दोन निकालांतून दोन वेगळी उत्तरे निघत होती. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वादावर पडदा टाकला. मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील २००५ साली जिवंत असण्याची अट नाही. याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. ‘आमची तोंडी वाटणी केव्हाच झाली’ हा भावांचा नेहमीचा बचाव न्यायालयाने सहजासहजी मान्य होऊ दिला नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने वा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी अबाधित राहते. तोंडी वाटणी मात्र सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम पुरावा असेल तर आणि अपवाद म्हणूनच मानली जाते.

मृत्युपत्राची पळवाट कायद्याने तशीच ठेवली आहे. स्वकष्टार्जित मालमत्ता आणि एकत्र कुटुंबातील स्वतःचा हिस्सा वडील हव्या त्या वारसाला देऊ शकतात. वर दिलेल्या उदाहरणातील वडिलांनी आपले तीन एकर मुलाच्या नावे लिहून ठेवले, तर मुलीकडे तिचे जन्मसिद्ध तीन एकर तेवढे उरतात.

वारस कोण, नोंद कोणाची

हक्क मिळाला म्हणजे नोंद झाली असे नाही. महाराष्ट्रातील शेतजमिनीचा चेहरा म्हणजे सातबारा. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंद, असे दोन नमुने एकत्र येऊन हा उतारा तयार होतो. खातेदार वारल्यावर वारसांची नोंद गाव नमुना सहा-क या वारस नोंदवहीत आणि तेथून नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत होते. तलाठी हे पद २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी या नावाने ओळखले जाते, पण गावात अजून ‘तलाठी’ हाच शब्द चालतो. त्याच्याकडे भाऊ मृत्यूचा दाखला व वारसांची यादी देतो. यादीतून बहिणींची नावे गाळली जाण्याचे प्रकार जुने आहेत. त्याहून अधिक रूढ पद्धत म्हणजे त्यांची नावे कब्जेदार सदरात न लावता ‘इतर हक्क’ या सदरात टाकणे. नाव उताऱ्यावर दिसते, म्हणून बहीण निर्धास्त राहते. पण कर्ज, विमा, विक्री आणि भरपाई या साऱ्यांचा व्यवहार कब्जेदार सदरावर चालतो.

तिसरी रीत ‘ए. कु. मॅ.’ या तीन अक्षरांत दडलेली आहे. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाच्या नावापुढे ही अक्षरे लागली, की जमीन साऱ्या कुटुंबाची असूनही उताऱ्यावर नाव एकाचेच राहते. पुढे त्या भावाच्या मुलांची नावे लागताना ही अक्षरे कधी गळून पडली, हे कोणाच्या ध्यानात येत नाही आणि चुलत्या, आत्या व त्यांची मुले उताऱ्यातून कायमची बाहेर जातात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची अशी एक नोंद उकलण्यासाठी जुने फेरफार मोडीतून वाचून घेण्याची वेळ येते, हेही नवीन नाही.

फेरफार म्हणजे मालकी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकवार सांगितले आहे. महसुली नोंद ही सारा कोणी भरायचा यासाठी असते; मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालय करते. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे आणि नाव गळालेल्या बहिणीचा हक्क केवळ त्यामुळे बुडत नाही. परंतु महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ नुसार ही नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. विरुद्ध सिद्ध करण्याचे ओझे, वकिलाचा खर्च आणि तारखा मात्र बहिणीवर पडतात. मुलुंडहून साताऱ्याच्या दिवाणी न्यायालयात दर दोन महिन्यांनी जाणे हे नोकरी व घर सांभाळणाऱ्या बाईला काय पडते, ते निराळे सांगायला नको.

गावात राहणाऱ्या स्त्रीचे नुकसान याहून रोजचे आणि ठोस असते. पीककर्ज, पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई, पीएम-किसानचा हप्ता यांतील बहुतेक गोष्टी नावावर जमीन असलेल्याला मिळतात. महिला किसान अधिकार मंच म्हणजेच ‘मकाम’ या संघटनांच्या मंचाने २०१८ साली विदर्भ व मराठवाड्यातील ११ जिल्ह्यांत, शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतील ५०५ स्त्रियांची पाहणी केली. २०१२ ते २०१८ या काळात विधवा झालेल्या या स्त्रियांपैकी ४० टक्के जणींना पती कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. राहत्या घरावर हक्क मिळालेल्या फक्त ३५ टक्के होत्या. पहिल्या वर्गाची वारस असलेल्या विधवेची ही स्थिती. सासरचे लोक जमीन सासऱ्याच्या नावावर असल्याचे सांगतात, आणि ते बहुधा खरेही असते; कारण मुलाच्या हयातीत वाटणीच झालेली नसते. पुढे २०१९ साली राज्य शासनाने अशा स्त्रियांच्या वारस नोंदी व योजनांच्या लाभासाठी स्वतंत्र आदेश काढले.

पती गेलेल्या घरात मुले लहान असली, तर उताऱ्यावर त्यांच्या नावापुढे ‘अ. पा. क.’, म्हणजे अज्ञान पालन कर्ता, अशी नोंद होऊन आईचे नाव लागते. या नोंदीत मुलग्यांसोबत मुलींचीही नावे आहेत ना, हे त्या वेळीच पाहावे लागते. मुलगी सज्ञान होऊन सासरी गेल्यावर ही चूक दुरुस्त करून घेणे फार अवघड असते.

हक्कसोडपत्राची रीत

यादीतून नाव गाळणे हा खोटेपणा झाला. हक्कसोडपत्र हे मात्र पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि म्हणूनच अधिक परिणामकारक. सामाईक मालमत्तेतील एका हिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या लाभात सोडून देणे असे त्याचे स्वरूप असते. बाहेरच्या व्यक्तीच्या नावे ते करता येत नाही. त्यासाठी खरेदीखत वा बक्षीसपत्र लागते. वडिलोपार्जित मालमत्तेत बहीण-भावांसारख्या जवळच्या नात्यातील हक्कसोडपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कही नाममात्रच असते. लाखो रुपयांची जमीन काही शे रुपयांच्या मुद्रांकावर हात बदलते, ती अशी.

स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते. नोटरीपुढे साध्या मुद्रांकावर केलेला कागद किंवा तलाठ्यापुढे दिलेला ‘मला हिस्सा नको’ असा जबाब यांमुळे हक्क सुटत नाही. पूर्वी अशा नुसत्या वर्दीवर व जबाबावर बहिणींची नावे कमी केली गेली आहेत. त्या नोंदी आजही प्रश्नांकित करता येतात, हे पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. दस्त नीट नोंदलेला असला तर मात्र तो परत फिरविणे जवळजवळ अशक्य असते. फसवणूक किंवा दडपण झाल्याचे सिद्ध करून तो रद्द करून घेता येतो. पण तसा दावा हकीकत कळल्यापासून तीन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि दडपण तरी कशाला म्हणायचे? कोणी हात पिरगाळलेला नसतो. सही नाकारली तर माहेर तुटेल, आईकडे जाणे अवघड होईल, लेकीच्या लग्नात मामा उभा राहणार नाही, ही भीती कोणत्याही दाव्यात पुरावा म्हणून मांडता येत नाही.

या भीतीकडे तुच्छतेने पाहून चालणार नाही. अर्थशास्त्रज्ञ बिना अग्रवाल यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण आशियातील स्त्रियांच्या जमीनहक्कावरील आपल्या ग्रंथात या गोष्टीचा सविस्तर विचार केला आहे. स्त्रीला संकटात माहेरचा आधार लागतो. नवऱ्याने टाकले, वैधव्य आले तर भावाचे घर हाच तिचा विमा असतो. हिस्सा सोडणे हा त्या विम्याचा हप्ता. म्हणजे सही करणारी बाई भोळी असतेच असे नाही. तिचा हिशेब तिच्यापुरता बरोबर असतो. फक्त हप्ता आजच भरला जातो आणि आधाराची हमी कोठेही लिहिलेली नसते.

हुंडा आणि लग्नखर्च यांत तिचा वाटा देऊन झाला, हे दुसरे समर्थन. हुंडा देणे-घेणे १९६१ पासून गुन्हा आहे आणि वारसा हिशेबात त्याची वजावट करण्याची तरतूद कोणत्याही कायद्यात नाही. लग्नाचा खर्च मुलाच्या लग्नातही होतो. तिसरे समर्थन जमिनीचे तुकडे पडतील हे. दोन भाऊ वाटणी मागतात तेव्हा हे कारण क्वचितच निघते. शिवाय बहिणीचे नाव लागले म्हणजे लगेच बांध घालावा लागतो, असेही नाही. सामाईक खाते राहू शकते, जमीन भावाने कसावी व उत्पन्नाचा ठरलेला वाटा बहिणीला द्यावा, अशी व्यवस्था अनेक घरांत असते. सातबारावर नाव असणे आणि जमिनीची मोजणी करून वाटप करणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

शहरात राहणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत आणखी एक परिणाम होतो, जो सही करताना कोणी सांगत नाही. १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ मुळे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणजे सातबारावरचे नाव. वडिलांच्या जमिनीतील एकमेव हिस्सा सोडून दिलेल्या अंधेरीच्या रहिवासी बाईला निवृत्तीनंतर गावाजवळ दोन एकर घ्यावेसे वाटले, तर ती बिगरशेतकरी ठरते. तिने भावाला जमीन दिली आणि तिच्यासोबत शेतकरी म्हणून असलेली ओळखही.

सही एकदम महागते ती रस्ता, धरण, विमानतळ वा कारखान्यासाठी जमीन जाऊ लागली की. मग भरपाईच्या यादीत कोणाचे नाव आहे ते पाहिले जाते. कालपर्यंत एकरी काही पोती भात देणारी जमीन, कोणाला हिस्सा मागावासा वाटला नव्हता अशी, आता दाव्यांचा विषय होते. ‘बहिणी पैशासाठी आल्या’ असे गाव म्हणते. भाऊही पैशासाठीच आलेले असतात, पण त्यांना आलेले म्हणत नाहीत. ते तेथेच असतात.

लक्ष्मीमुक्ती

महाराष्ट्रात या प्रश्नावर सर्वांत मोठी चळवळ झाली ती शहरातल्या स्त्री संघटनांकडून नव्हे, शेतकऱ्यांच्या संघटनेकडून. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे भरले आणि त्याला लक्षावधी शेतकरी स्त्रिया आल्या. १९८९-९० च्या सुमारास संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ हा कार्यक्रम हाती घेतला. त्याचे म्हणणे सरळ होते. शेतकरी सरकारकडे घामाचे दाम मागतो. पण घरच्या लक्ष्मीच्या घामाचे दाम त्याने स्वतः कधी दिलेले नाही. ते देणे फेडायचे तर जमिनीचा काही भाग तिच्या नावे करावा. गावातील किमान शंभर कुटुंबांनी तसे केले, की त्या गावाचा सन्मान करण्यासाठी जोशी स्वतः तेथे जात. जळगाव जिल्ह्यातील विटनेर हे या चळवळीतील गाजलेले नाव, आणि पुढे अशी शेकडो गावे झाली.

शासनाने १९९२ साली या कार्यक्रमाची दखल घेऊन परिपत्रक काढले. पतीने स्वखुशीने अर्ज केल्यास त्याच्या हयातीतच पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबारावर लावता येईल, अशी ती सोय. तहसीलदाराकडे अर्ज करून हे काम होते आणि त्यासाठी खरेदी-विक्रीच्या दस्ताची गरज पडत नाही. परिपत्रक निघून तीन दशके झाली, तरी ते माहीत असलेली कुटुंबे मोजकीच असावीत. अर्ज पतीच्या इच्छेवर सोपविलेला, ही त्याची मर्यादा तर उघडच आहे. गावातल्या घराबाबत, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, असा ग्रामविकास खात्याचा आदेश २००३ चा आहे.

भूमिहीनांना जमीन देताना मात्र संयुक्त नावाचे तत्त्व अधिक ठामपणे आले. अनुसूचित जातींच्या भूमिहीन कुटुंबांसाठीच्या कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन दिली जाते आणि विधवा व परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) नुसार विवाहितांच्या वनजमिनीचा हक्क पती व पत्नी दोघांच्या नावे नोंदावा लागतो. ठाणे, पालघर, नंदुरबार, गडचिरोली येथील आदिवासी स्त्रियांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होय, कारण हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही आणि त्यांच्या मुलींचा वारसा रूढीवर अवलंबून राहतो. १७ जुलै २०२५ रोजी छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना त्यांच्या वंशजांना वाटा नाकारणे हा समानतेच्या हक्काचा भंग ठरतो, असा निकाल दिला.

आफ्रिकेतील दोन देशांचा अनुभव येथे जुळतो. रवांडाने १९९९ साली मुलींना वारसाहक्क दिला आणि दहा वर्षांनी देशभर जमिनीची नोंदणी करताना पती-पत्नी दोघांची नावे लिहिली. इथिओपियाच्या काही प्रांतांत तर जमिनीच्या प्रमाणपत्रावर दोघांची छायाचित्रेही लावण्यात आली. दोन्हीकडे नवा अभिलेख तयार होत होता, त्यामुळे स्त्रीचे नाव पहिल्याच दिवशी लिहिता आले. महाराष्ट्रात अभिलेख इंग्रजी अमदानीपासूनचा आहे. येथे नाव लिहायचे म्हणजे आधीच्या नावाशेजारी जागा करून घ्यायची.

उपनगरातला उतारा

उपनगरांनाही आपला ग्रामीण भूतकाळ आहे. मरोळ, एक्सर, किरोळ, नाहूर ही आज बस थांब्यांची वा वस्त्यांची नावे वाटली, तरी महसुली दप्तरात ती गावेच आहेत, आणि मिळकत पत्रिकेवर आजही त्या गावाचे नाव येते. येथे सातबाराची जागा बहुतांशी या मिळकत पत्रिकेने घेतली. गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. पत्रिकेवरील नावे मात्र तेथेही अनेकदा आजोबांचीच राहिलेली असतात, आणि पुनर्विकासाचा करार समोर आला म्हणजे वारसांचा शोध सुरू होतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घराचा करार तर पती व पत्नी या दोघांच्या नावे करावा, असा नियमच आहे. १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या एकटीच्या नावे घर खरेदी केल्यास राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. शहरातील घराबाबत स्त्रीचे नाव लावण्याची सवय अशी हळूहळू रुजत आहे. त्याच घरातील बाई गावच्या जमिनीवरील नाव मात्र न वाचता काढून देते.

तिला आज एक सोय आहे, जी तिच्या आईला नव्हती. महाभूलेख या शासकीय संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या काढता येतो आणि वारस नोंदीचा अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीतून करता येतो. २०२५ मध्ये राबविलेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम गावोगाव हाती घेण्यात आले. अशा मोहिमेत वेगाने नोंदी होतात, म्हणूनच यादीत कोण आहे आणि कोण नाही, हे त्या वेळी पाहणे अधिक गरजेचे ठरते.

कोणताही फेरफार प्रमाणित होण्यापूर्वी महसूल संहितेच्या कलम १५० नुसार चावडीवर नोटीस लागते, हितसंबंधितांना ती पाठवावी लागते आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. ही नोटीस आता ‘आपली चावडी’ या ऑनलाइन फलकावर जिल्हा, तालुका व गाव निवडून बोरिवलीतूनही वाचता येते. हरकत आली, की नोंद विवादग्रस्त म्हणून वेगळ्या नोंदवहीत जाते आणि सुनावणीशिवाय मंजूर होत नाही. मंडळ अधिकाऱ्याने ती मंजूर केलीच, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करण्यास ६० दिवस मिळतात.